पप्पांची दोन धुराडी

फोर्ट केंट, मेन
९ ऑक्टोबर

प्रिय ओडेलताई,

धाकट्या भावाचा तुला नमस्कार. (गुडघे टेकूनच करणार होतो, पण हल्ली मी चर्चमध्येही बसूनच प्रार्थना करतो, आणि फादरनी ते चालवून घेतलंय.) तुझा खांदा कसा आहे? कोंबड्या अंडी देतायत ना? इकडे बटाट्याची काढणी उरकली. तुझ्या भावजयीची, लुसीलची, तब्येत उत्तम आहे, म्हणजे ती रोज माझ्यावर चिडते आहे. परवा तिने तुला फोन करून शेगडी पेटवू नकोस म्हणून सांगितलं, तर तू म्हणालीस, "पप्पांनी बांधलेलं धुराडं आहे, लुसील. आपण सगळे जाऊ, ते राहील," आणि फोन ठेवून दिलास. त्यामुळे सविस्तर लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं.

झालं असं, की सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी थंडी पडली आणि मी लोखंडी शेगडी पेटवली. लाकूड बर्चचं, मे महिन्यात तोडलेलं. (लुसील म्हणत होती, ओलं आहे. मी म्हणालो, आगीत गेलं की वाळेल. हे वाक्य ती आता माझ्या थडग्यावर कोरून घेणार आहे.) ती स्वयंपाकघरात तव्यावर प्लॉयची धिरडी भाजत होती, मी खायच्या तयारीत होतो, तेवढ्यात भिंतीच्या आतून मालगाडी जावी तसा आवाज सुरू झाला. मी म्हणालो, वारा सुटलाय. ती म्हणाली, "वारा घराबाहेर असतो, आर्मेल." बाहेर येऊन पाहतो तर धुराड्याच्या तोंडातून हातभर ज्वाळा. मी आत धावलो, शेगडीची हवा बंद केली, अग्निशमन दलाला फोन लावला, आणि मग आम्ही दोघं सपाता घालून अंगणात उभे राहिलो. लुसीलच्या हातात तवा तसाच होता, तो खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही. बारा मिनिटांत गाडी आली, आग विझली, घर वाचलं. जाताना त्यांचा प्रमुख मला म्हणाला, "जाणकार माणसाने तपासल्याशिवाय यात काडीसुद्धा लावायची नाही."

जाणकार माणूस म्हणून मी शेजारच्या नॉर्माँच्या मेहुण्याला बोलावलं. (इथे माझं चुकलं.) त्याच्याकडे ब्रश नाही. तो गोणपाटात साखळी गुंडाळून ती वरून धुराड्यात सोडतो आणि विहिरीत बादली हलवावी तशी हलवतो. त्याआधी शेगडीचं दार बंद करायचं असतं हे आम्हा दोघांपैकी एकाला तरी सुचायला हवं होतं. सगळी काजळी बैठकीच्या खोलीत आली. लुसीलच्या आईच्या फोटोला मिशा आल्या. मेहुणा वरून ओरडला, "चकाचक झालं." लुसील दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला न विचारता धुराडी तपासणाऱ्या मिरेय सीरला बोलावलं.

मिरेय तिशीतली आहे आणि या कामाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेली आहे. तिने आधी जमिनीवर चादरी अंथरल्या, शेगडीचं तोंड झाकलं, मग माझ्या सरपणात दोन सुया खुपसणारं एक यंत्र लावलं आणि आकडा पाहून म्हणाली, "काका, तुम्ही लाकूड नाही, सूप जाळताय." ओल्या लाकडाचा धूर वर जाऊन डांबरासारखा चिकटतो आणि पेटला तो तोच थर, असं तिने समजावलं. तो तिने खरवडून काढला, काठीला लावलेला कॅमेरा आत फिरवला आणि माळ्यावर गेली. अर्ध्या तासाने खाली आली ती हात पुसत. डॉक्टर आणि मेकॅनिक हात पुसत आले की मी पाकीट चाचपतो. त्यात आता हिची भर.

"धुराडं कुणी बांधलंय?" तिने विचारलं.

मी छाती पुढे काढून पप्पांचं नाव सांगितलं. या खोऱ्यात त्यांचं एकही धुराडं पडलेलं नाही, हेही सांगितलं.

"खालचं काम पाहून मलाही तेच वाटलं, सांध्यात नख जात नाही," ती म्हणाली. "पण माळ्यापासून वर काही वेगळंच आहे. धूर जायच्या मातीच्या नळ्या नुसत्या एकावर एक ठेवल्यात, सांधे भरलेलेच नाहीत. आणि छपराची लाकडी कडी कापून मागे घ्यायची सोडून तशीच विटांत घुसवली आहे."

तिने फोटो दाखवला. कडीचं टोक कोळशासारखं काळं. दर हिवाळ्यात लाकूड थोडं थोडं भाजत जातं, म्हणे, आणि एक दिवस ठिणगीशिवाय पेट घेतं. "इतकी वर्षं घर टिकलं ते नशीब," ती म्हणाली, "आणि नशिबाचं प्रमाणपत्र मी देत नाही." मग तिने तपासणीचा कागद भरला. बांधणाऱ्याच्या नावापुढे पप्पांचं नाव लिहिलं. मी खाली सही केली.

ताई, पप्पांना नावं ठेवायला मी लिहीत नाही. पण ज्या उन्हाळ्यात त्यांनी तुझ्या लग्नासाठी तुझ्या घराचं धुराडं बांधलं, त्याच उन्हाळ्यात माझंही. माणूस थकतो, हात चुकतो. जे इथे निघालं ते तुझ्याकडेही असणार. तेव्हा हट्ट सोड. मिरेय गुरुवारी सकाळी नऊला तुझ्याकडे येईल. तिला आत घे आणि कॉफी दे.

तुझा,
आर्मेल

ता. क. लुसीलने पत्र वाचलं. म्हणाली, "हे वाचून ओडेल मुद्दाम शेगडी पेटवेल. तिच्या पप्पांवर बोट ठेवतोस आणि ती ऐकेल म्हणतोस? खरं लिही. मिरेयने फोटो दाखवला तेव्हा मी फोटो नव्हते बघत, तुझा चेहरा बघत होते."

ता. क. दुसरा. तर खरं असं. त्या जुलैत पप्पा शिडीवरून पडले आणि त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या. तू लग्नापर्यंत लुइस्टनला कामाला होतीस, तुला कुणी कळवलं नाही. गावालाही नाही, नाहीतर पुढची कामं गेली असती. पप्पा खाली खुर्चीत बसायचे, मी वर चढायचो. दोन्ही घरांचं माळ्यापासून वरचं काम माझं आहे. ते खालून विचारायचे, "कडी कापलीस?" मी म्हणायचो, "कापली." तुझ्या घरी तर दोनदा विचारलं आणि दोनदा मी तेच सांगितलं. करवत बोथट होती, शनिवार होता, आणि संध्याकाळी तळ्यावर नाच होता. (लुसील मला तिथेच भेटली, त्यामुळे पुरता पश्चात्तापही करता येत नाही.) त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि पंचेचाळीस वर्षं लोक त्यांच्या कामाची तारीफ करतात तेव्हा मी मान डोलावतो. हिवाळ्यात तुझ्या घरावरून जाताना मी आधी तुझं छप्पर बघतो, मग रस्ता. तू पप्पांच्या भरवशावर शेगडी पेटवू नकोस. तिथे वर पप्पा नाहीत, मी आहे.

ता. क. तिसरा. एक काम कर. मिरेय कागद भरेल तेव्हा तिला सांग, खाली वडील, वर भाऊ. आणि माझ्याही कागदावर नाव दुरुस्त करायला सांग. माझं तिच्यासमोर तोंड उघडलं नाही, ती मला काका म्हणते. गुरुवारपर्यंत थंडी सोसवली नाही तर इकडे निघून ये. शेगडी इथेही बंदच आहे, पण लुसील म्हणते, तुम्ही दोघींनी मिळून मला फैलावर घेतलंत तर घर तापायला वेळ लागणार नाही.