मागचं बाक

प्रिय ठके,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, माझी तब्येत ठीक आहे. गोळ्या वेळेवर घेतो. फोनवर तू तेवढंच विचारतेस, मी तेवढंच सांगतो, आणि मग फोन आधी कोण ठेवतंय याची दोघंही वाट बघतो. आई जाऊन सात महिने झाले. तू पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. आधी का बोलावलं नाही, असं तू दारातच विचारलंस आणि मी म्हणालो, आईनेच नको म्हटलं होतं, तुझी परीक्षा होती ना. त्यानंतर तू काही विचारलं नाहीस. मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस. परवा मावशीकडून कळलं की तुझा राग माझ्यावर नाहीच. "आईलाच मी शेवटी नको होते," असं म्हणून तू तिच्याजवळ रडलीस. तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात आहे. मला बोलता येत नाही हे तू जाणतेस, आणि लिहिण्याचं म्हणशील तर जन्मभर फक्त तपासणीचे अहवाल लिहिले. तरी बसलोय.

गेल्या रविवारी नदीवर जाऊन आलो. तू नऊ वर्षांची असताना आपण तिघं गेलो होतो, तीच नदी. दोन बाकांची ती लांबट, निमुळती होडी, कनू, आठवते का? मी पुढच्या बाकावर, आई मागच्या, आणि तू मध्ये उशीवर बिस्किटांचा पुडा सांभाळत. पुढे बसलं की अंगावर पाणी उडतं, असं सांगून आईने मागची जागा पटकावली होती. मी घामाघूम होऊन वल्हं मारत होतो आणि ती मागून म्हणत होती, "तुम्ही मारा हो, मी आहे मागे." परतल्यावर मी शेजारीपाजारी सांगत सुटलो की होडी मी एकट्याने आणली, या दोघी नुसत्या महाराणीसारख्या बसून होत्या. आई हसली फक्त. इस्पितळात शेवटच्या आठवड्यात तिने त्याच नदीचा विषय काढला. बरी झाले की एकदा जाऊ या म्हणाली. म्हणून गेलो.

तिथल्या होड्या आता एक बाई सांभाळतात. आवाज असा की पलीकडच्या काठावरची बदकं उडावीत. मी एकटाच आहे म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पोहता येतं का विचारलं आणि लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळून दिले. मी सवयीने पुढच्या बाकावर बसलो आणि निघालो. निघालो कसला, जागच्या जागी गिरक्या घेत राहिलो. होडीचं नाक पाण्यात, शेपूट हवेत. काठावर सहलीला आलेलं एक कुटुंब हातातला घास हातात ठेवून बघत होतं. बाई ओरडल्या, "अहो आजोबा, नदी सरळ आहे, तुम्हीच का वळताय?" मग गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मला ओढून आणलं. म्हणाल्या, "पुढचा माणूस होडी पळवतो. वळवतो तो मागचा. आजवर तुमच्या मागे कोण बसायचं?" मी म्हटलं, बायको.

त्यांनी मला मागे बसवलं. पुढचं टोक वर उचललं जाऊ नये म्हणून तिथे पाण्याचे कॅन ठेवावे लागतात. किती वजन ठेवू, त्यांनी विचारलं. पस्तीस वर्षं दुकानांचे, गोदामांचे वजनकाटे तपासलेला माणूस मी. विचार न करता तोंडून गेलं, एकेचाळीस किलो. इस्पितळातल्या काट्यावर आई शेवटी तेवढीच भरली होती. "चाळीस समजलं, वर एक कशाला?" असं म्हणत त्यांनी वीस-वीस लिटरचे दोन कॅन ठेवले. मग माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची पाण्याची बाटली त्या कॅनच्या वर आडवी ठेवून दिली.

मग होडी सुतासारखी सरळ चालली. पाणी इतकं संथ की वल्ह्यावरून गळणारे थेंबसुद्धा ऐकू येत होते. लव्हाळ्यातून एक खंड्या उडाला, पुढे जाऊन बसला, मी जवळ गेलो की पुन्हा उडाला. मागून पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसते, ठके. आणि मनगट जरासं वळवलं तरी होडी वळते, पुढच्याला पत्ताही लागत नाही. माझी बदली नाकारायची कुणी ठरवलं, काकाशी धरलेला अबोला कसा सुटला, तुला दूर शिकायला पाठवायला मी तयार कसा झालो, हे सगळं मी स्वतःच्या अकलेच्या खाती टाकलं होतं. आईने मला कधी काही सांगितलं नाही, फक्त वळवलं. एकच गोष्ट तिने तोंडाने सांगितली, आणि ती मी ऐकली नाही.

आमच्या कामात एक नियम असतो. काटा थरथरत असेल तोवर आकडा लिहायचा नाही. पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवला आणि मी तो कधी मोडला नाही. डॉक्टर एक दिवस सुधारणा आहे म्हणायचे, दुसऱ्या दिवशी बघू म्हणायचे. मी म्हणत राहिलो, एकदा काटा थांबू दे, मग ठकीला नक्की काय ते कळवू. तू मंगळवारी फोनवर विचारलंस, "निघू का?" मी म्हणालो, दोन दिवस थांब. बुधवारी सकाळी काटा थांबला.

आईने नको म्हटलं नव्हतं. ते मी दारात उभा राहून रचलं, कारण तुझ्याकडे बघून खरं सांगायची हिंमत झाली नाही. ती रविवारी म्हणाली, ठकीला बोलवा. सोमवारी म्हणाली, अजून नाही बोलावलंत? परीक्षा काय, पुन्हा देता येते. मंगळवारी तुझा फोन येऊन गेल्यावर तिच्याने बोलवत नव्हतं. उशाशी ठेवलेला माझा फोन तिने दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या हातात दिला. मी तो खिशात ठेवला. माझ्यावर वाटेल तितकं रागाव, तो राग माझाच आहे. आईवर रागावू नकोस.

रागावलीस तरी तुझाच,
बाबा