धुरकोटचा सूत्रधार

११ फेब्रुवारी, मंगळवार

पाठ गेली! लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या कवळ्यांचे दात मेणात बसवायचे आणि घरी येऊन स्वतः दातओठ खायचे — हे माझं आयुष्य.

शुश्रूषा केंद्राच्या बाईंचा पुन्हा फोन. तळमजल्यावरची खोली रिकामी होतेय, बाग आहे, व्यायाम घ्यायला रोज माणूस येतो. 'भावाला विचारा आणि महिनाअखेर सांगा.' विचारलं. दादा म्हणाला, "नाही." दोन वर्षांत कितव्यांदा तरी! अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्याकडे शब्द उरलेत दोनच, हो आणि नाही. त्यातला 'नाही' बहुतेक माझ्याच वाट्याला येतो. पाणी हवं का? नाही. पेला पुढे केला की गटागटा पितो. आधीपासूनच हट्टी, आता तर विचारूच नका.

आईवडिलांमागे त्यानं मला वाढवलं. त्याच्या मनाविरुद्ध मी त्याला कुठेही ढकलणार नाही, हे ठरलेलं. पण गुडघ्यांना हे कोण सांगणार? त्याला अंघोळ घालून उठले की भिंत धरावी लागते.

संध्याकाळी प्लास्टरवाली आली — आमच्याकडे साचे ओतते ती पोरगी. लॅबमध्ये विसरलेला माझा चष्मा द्यायला आली आणि टेबलाच्या काचेखालचा नकाशा बघून किंचाळलीच. "ताई! हे तर जुन्या पद्धतीच्या खेळातलं तळघर! कुणी काढलं?" म्हटलं, दादानं, कॉलेजात असताना. खेळातल्या गावाचं नाव धुरकोट. टेबलाभोवती बसायचं, दादा सूत्रधार, तो ते जग सांगणार. आपण त्यात कोण आहोत आणि काय करतो ते आपण सांगायचं. अडलं की फासे. मी कायमची दिवटी धरणारी. चाळीस वर्षं होत आली त्या खेळाला.

"आम्हाला खेळवा ना ताई!" ब्याद टळावी म्हणून बरं म्हटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ब्याद टळली नाही, तिघं होऊन आली. प्लास्टरवाली, तिचा चुलतभाऊ लांब्या (दारातून वाकून येतो) आणि त्यांची एक मैत्रीण. ती वकिलीचं शिकते आणि प्रत्येक वाक्याला 'म्हणजे नेमकं काय?' विचारते, म्हणून ती वकील. मला ताई म्हणतात आणि दादाला काका. चला, मी तरी तरुण!

दादाला विचारलं, टेबलाशी बसतोस? "नाही." खुर्ची खिडकीशी ठेवली. तर सारखा पाय ओढत इकडे यायला बघतोय. शेवटी ओरडले — नाही म्हणालास ना? मग बस की गप!

मी सूत्रधार झाले, म्हणजे नुसती बोंब. निम्मं विसरलेय. तरी पोरं रंगली. लांब्या पायाखाली न बघता चालला आणि विहिरीत पडून मेला. वाटलं, आता रुसणार. हा टाळ्या वाजवतोय! चहा निवायच्या आत नवीन माणूस बनवून परत हजर, या वेळी हातात लांब बांबू. प्रत्येक फरशी ठोकत चालला.

न राहवून विचारलं. तुमच्याकडे एवढे नवे चकचकीत खेळ, हे जुनंपुराणं कशाला? प्लास्टरवाली म्हणाली, "त्यात आम्ही पहिल्याच दिवशी शूरवीर असतो ताई. हातातून ठिणग्या निघतात. मरत कुणीच नाही." लांब्या म्हणाला, इथे वाचलो तर आपल्या अकलेनं वाचलो असं वाटतं. वकील म्हणाली, "इथे आपली कुणी काळजी करत नाही ना, बरं वाटतं. घरी जेवलीस का, पोचलीस का, अभ्यास झाला का... धुरकोटला माझं काही पडलेलं नाही. प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, नाही विचारला तर मेले!"

काळजी न करणारं जग. मलाही चार दिवस राहायला आवडेल तिथे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

दात बसवता बसवता डोळा लागला. मेणात माझ्या अंगठ्याचा ठसा. सगळं पहिल्यापासून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

पोरं एका दगडी दारापाशी पोचली. नकाशात त्याच्यामागे कोरा कागद, मला काही आठवेना. वकील सरळ खिडकीकडे वळली. "काका, हे दार उघडतं का?" दादा म्हणाला, "नाही." पण डाव्या हातानं, जो चालतो त्यानं, हवेत दार ढकललं! आणि पलीकडे वळण घेणारी वाट बोटानं काढून दाखवली.

मी म्हटलं, तो असाच आहे, उलटं बोलायची खोडच त्याला. वकील लांब्याला म्हणते, "काकांच्या शब्दावर पाय टाकू नकोस. आधी बांबू ठोकून बघू." खुर्ची टेबलाशी ओढली. "काका, तुम्ही बाई आहात का?"

"हो," दादा म्हणाला.

सगळे हसलो. दादा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "लांब्या बुटका आहे का?" "हो." "हे टेबल आहे का?" "नाही." मग तिनं दादापुढे दोन फासे ठेवले. पांढरा म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. बोलायचं नाही, बोट ठेवायचं. तेच प्रश्न परत विचारले. एकही चुकला नाही!

त्याला सगळं कळतं. फक्त तोंडाला येताना शब्द भलताच येतो. झटक्यानंतर बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई तेव्हा असंच काहीतरी सांगत होत्या, मी घाईत 'हो हो' केलं होतं.

पुढचा सगळा खेळ दादानं चालवला. पोरं विचारत होती, भिंत पोकळ वाजते का, पाण्याला वास आहे का, तळघरात भेटलेला म्हातारा खोटं बोलतोय का... त्याचं बोट काळ्यावर, पांढऱ्यावर. धुरकोटला याहून जास्त काही लागतच नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. राग आला, खरंच. एका छताखाली राहून मला जे कळलं नाही, ते या कार्ट्यांनी खेळता खेळता शोधलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिवसभर नुसते प्रश्न. चहात साखर हवी? पांढरा. (दोन वर्षं बिनसाखरेचा पाजला!) पंखा नको? पांढरा. खांदा दुखतो? पांढरा, पांढरा, पांढरा. रेडिओवरच्या त्या बाईचा आवाज आवडतो? काळा — आणि असं तोंड केलं की मी खदखदून हसले. किती दिवसांनी.

एक प्रश्न तेवढा विचारला नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

केंद्राच्या बाई म्हणाल्या, रविवारपर्यंत थांबते, मग खोली दुसऱ्याला देईन.

मला भीती वाटते. काळ्यावर बोट ठेवलं तर हे असंच चालायचं, माझं शरीर मोडेपर्यंत. पांढऱ्यावर ठेवलं तर? मग आजवर कुणासाठी केलं एवढं? प्लास्टरवालीला डबा खाताना सांगितलं. ती म्हणाली, "ताई, न विचारता चालणारेच मरतात धुरकोटात." शहाणी! तिच्या वयात मलाही सगळं येत होतं.

१ मार्च, शनिवार

दादा सकाळपासून टेबलाशी. दाढी करून मागितली. खुणेनं, रागावून, पण मागितली.

पोरांना त्यानं असं काही फिरवलं! प्लास्टरवाली उगाच धीट झाली आणि दिवटी विझल्यावर मेली. तिच्या मढ्यावरची दोरी घेऊन बाकीचे पळाले. आज मला पहिल्यांदा आत घेतलं, पुन्हा दिवटी धरणारी म्हणून. मी जिवंत बाहेर आले.

सगळे गेल्यावर विचारणार होते. तो दमून खुर्चीतच झोपला होता. फासे डब्यात ठेवून दिले.

२ मार्च, रविवार

विचारलं. सकाळी, साखरेच्या चहानंतर. दादा, तुला तिकडे राहायला जायचंय? पांढरा. फाशांच्या जागा बदलल्या, पुन्हा विचारलं. पांढरा. माझ्यावर रागावून? काळा. माझे हाल बघवत नाहीत म्हणून? बोट बराच वेळ हवेतच राहिलं, मग पांढऱ्यावर आलं. आधीपासून जायचं होतं? पांढरा.

शनिवारी पोरांना घेऊन तिथे येऊ?

पांढरा फासा इतक्या जोरात ढकलला की तो कपाटाखाली गेला. काढायला खाली बसले आणि तिथेच रडले, फुकट राबले म्हणून आणि सुटले म्हणूनही. वर बघितलं तर दादा रडत रडत हसत होता, टेबलावर हात आपटत मोठ्यानं म्हणत होता, "नाही! नाही! नाही!"