न धुतलेली जर्सी

सर,

फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात एक गोष्ट आली असेल. सामना संपून खेळाडू बाहेर येतात तेव्हा एखादा बचावपटू नखशिखान्त माखलेला असतो, आणि त्याच्या शेजारून चालणाऱ्या दुसऱ्याच्या जर्सीची घडीसुद्धा मोडलेली नसते. टाळ्या पहिल्याला मिळतात. गोल मात्र बहुतेक वेळा त्याच्याच बाजूने झालेले असतात. दुसऱ्याच्या बाजूने दीड तासात सांगण्यासारखे काहीच घडलेले नसते. हे असे का होते, हा प्रश्न तुम्हाला आयुष्यात एकदाही पडला नाही. तुमच्याकडे शारीरिक शिक्षणाची पदवी होती, अमरावतीच्या मैदानावर तुम्ही उभा जन्म काढला होता, आणि तरी तुम्ही कपड्यांवरून खेळ ओळखत होता. लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्याची नजरही याहून चौकस असते.

समजावून सांगतो. शिकवणे हा आता माझा व्यवसाय आहे, आणि तुमच्याइतका गरजू विद्यार्थी मला अजून मिळालेला नाही. समजा, विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, चेंडू घेऊन अंगावर येतो आहे. बचावपटूने शरीर तिरके ठेवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हातभर अंतर राखायचे आणि आतली वाट बंद करून बाहेरची उघडी सोडायची. बाहेर काय आहे? चुन्याची रेघ. ती रेघ दमत नाही, चकत नाही, तिला पिवळे कार्ड मिळत नाही. विंगर जसजसा तिच्याकडे सरकतो तसतशी त्याची जागा कमी होते, आणि शेवटी तो एक तर थांबतो किंवा चेंडू बाहेर घालवतो. बचावपटूने चेंडूला पायही लावलेला नसतो. हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा भूमितीचे अवघड प्रमेय सुटावे तसा आनंद झाला होता. आजही नव्या खेळाडूला हे दाखवताना तोच आनंद होतो. आता घसरणाऱ्याकडे पाहा. उभे राहायची जागा चुकली, म्हणून त्याला पडावे लागते. पडल्यापासून उठेपर्यंत तो सामन्यात नसतोच. तुम्ही ज्याला जिगर म्हणत होता, ती बहुधा आधी झालेल्या चुकीची जाहिरात असते.

पण तुमची ती पाहणी. सामना संपला की तुम्ही आम्हाला रांगेत उभे करत होता आणि हातातल्या छडीचे टोक एकेकाच्या छातीवरून फिरवत चिखल तपासत होता. ज्याची जर्सी स्वच्छ, त्याने मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. माझ्यापाशी तुम्ही हमखास थांबत होता. "काहून बे, लग्नाले आला होता का? इस्तरी मोडू नये म्हणून खेळून राहिला का तू?" बाकीचे हसायचे. संघ जिंकला होता, माझ्या बाजूने एकही गोल झाला नव्हता, आणि मी फेऱ्या मारत होतो. उन्हाळ्यात चिखल मिळेना, तेव्हा गोलपुढच्या पट्ट्यात पाण्याचे ड्रम ओतायला लावणारा प्रशिक्षक मी तुमच्यानंतर देशात कुठेही पाहिला नाही. आमच्या गल्लीत तेव्हा नळ दोन दिवसांआड येत होता.

शेवटी आम्ही तेच केले जे अशा मास्तरांच्या हाताखालची मुले करतात. मध्यंतरात मूठभर चिखल घेऊन एकमेकांच्या पाठीला फासू लागलो. तुम्ही त्या वर्षी म्हणालात की संघात आता दम आला. काळ्या मातीचा डाग निघत नाही. माझी आई मोरीत बसून ब्रशने जर्सी घासत असे, आणि एकदा ब्रश आपटून म्हणाली, "तुह्या सरले सांग, एक दिवस इथं येऊन बसा म्हणा. मंग पाहू किती चिखल पायजे त्यायले." मी हा निरोप तुम्हाला दिला नाही. द्यायला हवा होता.

आता अकोला. मी अठरा वर्षांचा आहे, जिल्ह्याजिल्ह्यांतला सामना आहे, तासाभरापूर्वी पाऊस थांबला आहे. काळी माती वरून निसरडी आणि खालून चिकट असते. तिच्यावर घसरणे तुम्ही हवे तेव्हा सुरू करू शकता, पण ते कुठे संपेल हे तुमच्या हाती राहत नाही. याच मातीत जन्मलेल्या माणसाला हे ठाऊक असायला हवे होते. अकोल्याचा विंगर माझ्याच वयाचा, वाऱ्यासारखा पळणारा. मी त्याला सामनाभर रेघेकडे ढकलत आलो आहे आणि त्याला एकदाही आत येता आलेले नाही. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला खेळ होता. आम्ही एका गोलने पुढे आहोत, पाच मिनिटे उरली आहेत, आणि काठावरून तुमचा आवाज येतो. "अबे पांढऱ्या, लोळ ना जरा. आंग मळलं नाई अजून तुहं." मी खाली पाहतो. जर्सी खरोखरच पांढरी आहे. चेंडू रेघेकडे चालला आहे, विंगर त्याच्यामागे धावतो आहे, आणि मी अंग टाकतो.

चेंडूला माझा पाय लागला नाही. त्याच्या नडगीला लागला. त्याला बाकावर आडवे घालून नेत होते तेव्हा तो मला शिव्या देत नव्हता, स्वतःशीच बोलत होता. "पंधरा दिवसांनी धावायचं हाये मले. भरती हाये पोलिसाची."

परतताना एसटीत तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवले. "आज झाला तू खरा डिफेंडर," म्हणालात, आणि "जर्सी दे इकडं." ती जर्सी तुम्ही न धुता साहित्याच्या खोलीत खिळ्याला टांगली. नव्या मुलांना आत नेऊन तुम्ही ती दाखवत होता. एका माणसाचा पाय मोडल्याची खूण तुम्ही शाबासकीसारखी भिंतीवर लावली, आणि तुम्हाला त्यात काही विचित्र वाटले नाही.

तुमच्याकडून जे शिकलो ते विसरायला मला गोव्यात दोन वर्षे लागली. निवड चाचणीत मी तीनदा घसरलो आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो. तिथल्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाने मला जवळ बोलावून मोडक्या हिंदीत एवढेच सांगितले, "तुम गिरता है तो मेरे पास दस आदमी बचता है." हे एक वाक्य तुमच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा वजनदार होते. त्यानंतर मी चौदा वर्षे बचावफळीत व्यावसायिक फुटबॉल खेळलो, आधी गोव्यात, मग कोलकात्यात, आणि आता मॅनेजर म्हणून हा माझा तिसरा संघ आहे. प्रत्येक ठिकाणी क्लबचा मालक मला विचारतो की हा मधला बचावपटू काहीच करताना दिसत नाही, त्याला का ठेवायचे. मी त्याला सामन्याचे चित्रीकरण दाखवतो, चित्र थांबवतो, बोट ठेवून सांगतो: इथे पास देता आला असता, दिला नाही, कारण हा इथे उभा आहे. मालकांना दोन बैठकांत समजते. तुम्हाला हयातभर समजले नाही.

तुम्ही जाऊन सोळा वर्षे झाली. तुमच्या मुलाने तुमच्या नावाने स्पर्धा सुरू केली आहे, आणि यंदाच्या ऑगस्टमध्ये प्रमुख पाहुणा म्हणून मला बोलावले. मुलगा तुमच्यापेक्षा पुष्कळ सभ्य आहे. फोनवर म्हणाला, "दादा, तुमी याच. बाबांची ती जर्सी आमी काचेत लावली स्टेजवर. तिची गोष्ट तुमीच सांगा पोराइले." स्पर्धेत सर्वांत झुंजार खेळाडूला एक बक्षीस असते. ते कसे ठरवता, असे मी विचारले. समिती जर्सी पाहते, असे उत्तर आले. तुमचा मूर्खपणा वारसाहक्काने चालतो, हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो.

येताना मी अकोल्याला उतरलो. तो विंगर भरतीत धावला नाही, हे मला तेव्हाच कळले होते. पुढचे कधी विचारले नव्हते. त्याचे जर्सीवर नाव आणि नंबर छापायचे दुकान आहे. डावा पाय तो अजून किंचित ओढत चालतो. मला पाहून त्याने प्रेस बंद केला, चहा सांगितला.

"अमरावतीले चालला? तिथल्या जर्स्या माह्याच हातच्या हायेत," तो म्हणाला. "पांढऱ्याच पायजे म्हणे. निळ्या स्वस्त पडत होत्या, तरी पांढऱ्याच. काहून, त माती दिसली पायजे." तो हसला. मला हसू आले नाही. मग कपात पाहत त्याने विचारले, "एक सांग. त्या दिवशी बॉल बाहेरच चालला होता ना बे?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

त्याने कप खाली ठेवला. "बरं. मंग एवढं कर. तुही जर्सी अजून टांगून हाये म्हणतेत तिथं. ते उतरव. माहा पोरगा औंदा तिथं खेळायचं म्हणून राहिला होता. त्या जर्सीपायीच मी नाई म्हणलो."

आज सकाळी अंतिम सामना पाहिला, मग समारंभ झाला. मी दहा मिनिटे बोललो. शरीर तिरके का ठेवायचे, रेघ हा बाराव्या खेळाडूसारखा मित्र कसा असतो, हे उभे राहून, हात पसरून दाखवले. मुले ऐकत होती, आणि मागे काचेत ती जर्सी होती. तिची गोष्ट मी सांगितली नाही. मग झुंजार खेळाडूचे नाव पुकारले गेले आणि मानेपर्यंत माखलेला एक स्टॉपर, मधला बचावपटू, वर आला. करंडक देताना मी त्याला हळूच विचारले, "शेवटी घसरलास तो चेंडू बाहेर जात होता ना?"

"व्हय सर," तो तितक्याच हळू म्हणाला, "पण कमिटी पाहून राहिली होती."

मी करंडक त्याच्या हातात दिला आणि फोटोसाठी उभा राहिलो. नंतर तुमच्या मुलाला सांगितले की ही जर्सी मला आठवण म्हणून हवी आहे. त्याचे डोळे भरून आले. त्याने स्वतः काच उघडून दिली. सत्तावीस वर्षे शिकलेला, शिकवणारा माणूस खरे कारण सांगू शकला असता. मला खोटे सांगणे सोपे गेले. ते तुमच्या खात्यावर टाकण्याचा मोह होतो, पण तुम्ही तिथे नव्हता.

आता विश्रामगृहाच्या न्हाणीत ती जर्सी बादलीत भिजते आहे. तीन वेळा पाणी बदलले, अजून काळेच येते आहे. मोरीतल्या आईची पाठ आठवते. उद्या सकाळच्या गाडीने बडनेऱ्याहून अकोल्याला जाईन, ही ओलीच असली तरी त्याच्या दुकानात ठेवीन, आणि त्याने जे विचारले त्याचे उत्तर देईन. तुम्हाला लिहिलेले हे पत्र तुमच्या मुलाच्या हाती द्यायचे असे दुपारी ठरवले होते, देणार नाही. त्याने चांगल्या मनाने काच उघडली.

तरी तुमच्यासाठी एक परीक्षा लिहून ठेवतो. ती मैदानाच्या काठावर बसून कुणालाही घेता येते. बचावपटू घसरून पडला की चेंडूकडे पाहू नये. त्याचे कपडे तर मुळीच पाहू नयेत. तो उठताना त्याची नजर आधी कुठे जाते तेवढेच पाहावे. चेंडूसाठी पडलेला माणूस उठता उठता चेंडू शोधतो. अकोल्यात मी उठलो तेव्हा हातभर अंतरावर एक जण पाय धरून पडला होता, आणि मी मान वळवून काठावर तुम्हाला शोधत होतो. तुम्ही मान डोलावली. मला बरे वाटले होते, सर.