मोठी खोली पोरांचीच राहील

मी, साखराबाई आसाराम गर्जे, वय ५४, राहणार चकलांबा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, माझ्या माघारी माझ्या मिळकतीचे काय व्हावे हे या कागदाने ठरवून ठेवते. सोमवारी माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे करण्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही, उलट करू नको असेच पुष्कळांनी सांगितले. मी सांगत गेले आणि निवृत्त शिक्षक परमेश्वर गुरुजींनी लिहून घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. पती आसाराम तीन वर्षांपूर्वी वारले. मला तीन मुले आहेत. थोरली योगिता माझ्याजवळ राहते. मधली मोहिनी घाटनांदूरला नर्स आहे. धाकटा लखन पुण्याकडे कंपनीत आहे. तिघांवर माझी माया सारखीच आहे. वाटणी सारखी नाही, त्याचे कारण पुढे आहे.

२. राहते घर, तीन खोल्या आणि अंगण, माझ्या नावावर आहे. ते मी संपूर्णपणे योगिताला देते.

लखनला हे पटणार नाही. घर रस्त्याला लागून आहे, पाडून गाळे काढू, असे तो दिवाळीला म्हणाला. म्हणून त्याच्यासाठी लिहिते. एकवीस वर्षांपूर्वी आम्ही दोघे नवरा-बायको ऊसतोडीला गेलो तेव्हा तू वर्षाचा होतास. आम्ही फडात ऊस तोडायचो आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तुला योगिता सांभाळायची. ती तिसरीत होती. शाळा सोडवून मी तिला तुझ्यासाठी नेले. सहा महिन्यांनी गावी आलो. गुरुजींनी तिला फळ्यावरचे वाचायला सांगितले, तर ती नुसतीच उभी राहिली. घरी येऊन मला म्हणाली, "आई, अक्षरं वळखीची वाटत्यात, पर नावं येत न्हाईत."

त्या दिवशी मी ठरवले, की आता मी ऊसतोडीला जाणार नाही. दसऱ्यानंतर टोळीचा ट्रक दारात आला, तेव्हा मी सगळ्यांसमोर तसे सांगितले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, बाई मागे राहिली तर जोडी मोडते. दीर उत्तरेश्वर ट्रकवरून यांना म्हणाले, "बायकूचं ऐकतूस का बे?" हे म्हणाले, "ऐकतो." एवढेच. मग दुसरा जोडीदार शोधून गेले.

पण खरे लिहायचे तर सगळे लिहिते. मी घरी थांबले ते मोहिनीला आणि लखनला फळले. मी खुरपायला जायची तेव्हा लखन योगिताच्याच कडेवर असायचा. पाचवीपर्यंत ती नावालाच शाळेत होती. पंधराव्या वर्षी मी तिचे लग्न लावून दिले, तीही चूक माझीच. चार वर्षांपूर्वी ती सासरहून कायमची परत आली. घर तिला देते ते दया म्हणून नाही. तिचेच तिला देते.

३. घरातली मोठी खोली दरवर्षी दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी राहील. सुरुवात शेजारच्या दोन पोरींपासून झाली. तिसऱ्या वर्षी उत्तरेश्वरभाऊजींनी आपली मुलगी माझ्या उंबऱ्याशी आणून सोडली आणि तसेच निघून गेले. मी तिला घेतले. ट्रकवरून बोलले त्याची माफी मात्र त्यांनी मागितली नाही, मीही दिलेली नाही. चहाला ते येतात, योगिताने पुढेही चहा द्यावा. यंदा खोलीत अकरा पोरे आहेत.

शाळेच्या वेळेत कोणत्याही पोरीच्या कडेवर लहान मूल देऊ नये, पाहुण्यांचेसुद्धा. पोरींच्या बाजूच्या दाराची कडी मजबूत ठेवावी.

घरातला मोबाईल पोरांचा आहे. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आई-बापाला एक पान वाचून दाखवायचे. ही पद्धत आमच्या यांची. यांना वाचता येत नव्हते. आधी मुकादमाच्या फोनवर, मग स्वतःचा साधा फोन घेऊन हे मोहिनीचा धडा ऐकायचे. ती कुठे अडखळली, की उसाच्या मोळीवर बसल्या बसल्या म्हणायचे, "परत वाच. घाईत गिळलंस तू." एकदा मोहिनीने विचारले, "बापू, तुमाला कसं कळतं?" हे म्हणाले, "तुजा आवाज कळतो की." ज्या आई-बापाला सही येत नाही, त्यालाही एवढे करता येते. फोन न करणाऱ्यांची पोरे ठेवू नयेत असे मी पूर्वी म्हणत असे. ते चुकले. त्यात पोरांचा काय दोष? योगिताने आपणहून फोन लावावा आणि उचलेपर्यंत लावत राहावा.

जे आई-बाप पोर सोबत न्यायचेच म्हणतात, त्यांच्याशी भांडावे. तरीही नेले, तर दुसऱ्या गावच्या शाळेत बसवून घेण्यासाठी असते ते हमीपत्रक शाळेतून काढून आईच्या हातात द्यावे आणि तिथल्या शाळेत नाव घातले का, हे आठ दिवसांत विचारावे.

४. दीड एकर कोरडवाहू जमीन लखनला. विहिरीचा हिस्साही त्याचाच.

५. गळ्यातली पोत आणि पाटल्या मोहिनीला. तिने आपल्या पगारातून खोलीचे पत्रे बदलले, हे गावाला माहीत नाही, म्हणून इथे नोंदवते.

६. दोन शेळ्या योगिताला. माझा कोयताही तिलाच, चारा तोडायला. धार चांगली आहे. आठवण म्हणून भिंतीवर टांगू नये.

७. या कागदाप्रमाणे सगळे करून देण्याची जबाबदारी मोहिनीवर. लखनने कोर्टात जायचे ठरवले, तर त्याने आधी योगितासमोर बसून कलम दोन मोठ्याने वाचावे.

८. योगिताने यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला नाव घातले आहे. पेपर याच महिन्यात सुरू होतात. त्या दिवसांत माझे काही बरेवाईट झाले, तर तिला घरात रडत बसवू नये. सकाळी डबा द्यावा आणि परीक्षेला सोडून यावे. माझा दहावा-तेरावा पुढे ढकलता येईल. तिचा पेपर ढकलता येत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. दोन ठिकाणी मी दुरुस्त करून घेतला. सही माझी मीच केली आहे, अंगठा नाही.

साखराबाई आसाराम गर्जे

आमच्या समक्ष सही केली:
१. परमेश्वर, निवृत्त शिक्षक, चकलांबा
२. गीताबाई, अंगणवाडी सेविका, चकलांबा

ठिकाण: चकलांबा
दिनांक: ५ फेब्रुवारी २०२६