तुझा खरा दिवस

चुइशीक वाडी, मोमोस्तेनांगो
रविवार, १९ ऑगस्ट २०१८
आपल्या मोजणीत चार केह

वेन्सेस,

ताईचा आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. मक्याला कणसं धरलीत, मेंढ्या कातरून झाल्या. तू बरा असशीलच.

बातमी पक्की आहे. येत्या गुरुवारी, दिवस मोजणाऱ्यांच्या सणाला, आठ बात्सला, पहाटेच्या अग्नीसमोर तुला वाडीचा माय-बाप म्हणून बसवायचं ठरलं. तेव्हापासून वाडीतल्या सगळ्यांचे दिवस तू मोजणार, बाळांची नावं तू काढणार, कौल लावायच्या बिया कुणाच्या हाती द्यायच्या ते तू ठरवणार. पंचांतले थोरले तात इलारिओ बाजारातून परतताना स्वतः सांगून गेले. म्हातारे चुलीपाशी टेकले आणि मक्याची पेज मागितली.

"फाउस्तिना, भाऊ माय-बाप होतोय. आज साखर जास्त घाल."

"साखर त्याच्याकडेच मागा. त्याच्या आश्रमात पैसे भरून येणाऱ्या पाहुण्यांना म्हणे तीन रंगांची मिळते."

खूप हसले. मग मुद्द्यावर आले. "बसवायच्या आधी जन्माचा दिवस विचारावा लागतो. कागदाला नाही, जन्माच्या वेळी खोलीत असलेल्या माणसाला. तुझी आई गेली, सुईण गेली. उरलीस तू."

"विचारायचं काय त्यात? त्याच्या फाटकावर हातभर अक्षरांत 'आठ बात्स' लिहिलंय."

"फाटक काय, काहीही बोलतं. मी गुरुवारी तीनदा विचारेन. तू सांग."

मी बरं म्हणाले.

फाटकावरून आठवलं. गेल्या साली आठ बात्सच्या दिवशी मी धूप घेऊन झऱ्यावर आले होते. आई चाळीस वर्षं जिथे बसली तिथे. तुझ्या माणसाने मला नाव नोंदवलंय का विचारलं. मग तू आलास, पांढऱ्या कपड्यांत. "ताई, आज पाहुणे मौनात आहेत. उद्या ये ना."

"उद्या आठ नाही रे, नऊ आहे."

"दिवसाचं एवढं काय घेऊन बसलीस!"

हे तू म्हणालास. दिवसांवर पोट भरणारा तू.

आत डोकावून पाहिलं मी. आजोबांच्या पाइनांपैकी अकरा उरलेत. बाकीच्यांच्या फळ्या तुझ्या न्हाणीघरांना लागल्या. उरलेल्या अकरांना तुझे पाहुणे मिठ्या मारत होते, कारण तू त्यांना शिकवतोस की झाड ही आपली आई. झऱ्याचं पाणी नळीने टबांत जातं. आईच्या दगडावर सरडे उन्हाला बसले होते. मी धूप रस्त्याच्या कडेला पेटवला आणि घरी आले.

त्याबद्दल मी काही केलं नसतं. झाडं परत लावता येतात.

पण इल्दाचं तसं नाही. माझ्या पोरीला आईने सात वर्षं शिकवलं. बिया कशा मोजायच्या, अंगात रक्त कुठे उडतं तिकडे लक्ष कसं द्यायचं, डोंगराशी कसं बोलायचं. आईची लाल बियांची पिशवी तिला मिळायची होती. आई गेल्यावर नवव्या दिवशी पंच बसले आणि तू उठलास. "ही त्सीच्या दिवसाची. कुत्र्याच्या दिवसाच्या माणसाला आपल्याकडे कधी पिशवी दिलीय? भाची माझीच आहे, पण नियम म्हणजे नियम." कुणीतरी मागून भुंकून दाखवलं. लोक हसले. तूही हसलास. मग पिशवी काखोटीला मारून गेलास. इल्दा आता राजधानीत कारखान्यात शर्टांना बटणं लावते.

आता तुला ठाऊक नाही ते लिहिते.

आईच्या शेवटाला मुलगा आला नाही, हे मी वाडीतल्या प्रत्येक चुलीपाशी सांगितलं. मी तुला निरोपच धाडला नव्हता. आई तीन दिवस विचारत होती, "वेन्सेस निघाला का?" मी म्हणत होते, "निघालाय, रस्ता खचलाय." रस्ता कुठेही खचला नव्हता. जन्मभर ती तुझी होती. निदान ते तीन दिवस मला हवे होते. माफी मागत नाही. तुझ्याबद्दल खरं सांगायचं तर माझ्याबद्दलही खोटं ठेवू नये, म्हणून लिहिलं.

तुझा जन्म सत्तर सालचा. तुझ्या कागदावर शनिवार आहे, अठ्ठावीस मार्च. त्या दिवशी आठ बात्स होता, बरोबर. पण तू शुक्रवारी जन्मलास, भर दुपारी. मी अकरा वर्षांची होते, गरम पाण्याचं भांडं धरून उभी. खाली गावात देवाची प्रेतयात्रा चालली होती. गुड फ्रायडेला घंटा वाजवत नाहीत, लाकडी खुळखुळे वाजवतात. तुझं पहिलं रडणं त्यात बुडून गेलं. बाबा दारात आले. "देव मेला त्या दिवशी जन्मलेलं पोर? लोक काय म्हणतील!" सुट्ट्या संपल्यावर कचेरीत जाऊन त्यांनी शनिवार सांगितला. बाबांना चर्चचा शुक्रवार टाळायचा होता. आपल्या मोजणीत काय बदललं ते त्यांच्या गावीही नव्हतं.

तो शुक्रवार सात त्सी होता, वेन्सेस.

आईला माहीत होतं. तिने मला शपथ घातली, "हा दिवस तुझ्या तोंडून निघता कामा नये." अठ्ठेचाळीस वर्षं निघाला नाही. तू इल्दाला कुत्र्याची म्हणालास तेव्हासुद्धा मी मांडीवर हात ठेवून बसले होते. पोर माझ्याकडे बघत होती. मी खाली बघितलं. तुझं केलेलं वाईट मी विसरेन, हे विसरता येत नाही.

पळून जाशील असं वाटत नाही. पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत, संगीतवाल्यांना विसार गेलाय. इल्दा बुधवारच्या गाडीने येते आहे. तिला मी पुढे बसवणार आहे, अग्नीच्या अगदी जवळ.

तात इलारिओ पहिल्यांदा विचारतील तेव्हा मी आईसाठी गप्प राहीन. दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा बाबांसाठी. लोक कुजबुजतील, तू हसून म्हणशील, "बोल ना ताई, लाजतेस काय?"

मग ते तिसऱ्यांदा विचारतील.

तुझ्या जन्माची एकुलती साक्षीदार,
फाउस्तिना