बिरोबाचा भंडारा आणि डिझेल फिल्टर

मु. पो. कवठे महांकाळ

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी जावई विश्वजीतचा दंडवत.

तुमचा गुडघा काय म्हणतो? सासूबाईंचा खोकला थांबला का? फलटणला यंदा ऊस कसा आहे, आणि शेजारच्या गुंडाअण्णांनी तुमच्याशी धरलेला अबोला अजून टिकून आहे का, तेही कळवावे. इकडे सर्व क्षेमकुशल. गाडीही क्षेमकुशल. (पत्रात तुम्ही आधी गाडीचंच शोधणार हे ठाऊक आहे, पण रीत म्हणून माणसांना पुढे घेतलं.)

मामा, तुम्ही उभं आयुष्य चालवलेला ट्रक माझ्या हाती देताना जे बोललात ते मी विसरलेलो नाही. "जावईबापू, गाडी घाटात बंद पडली की समजा, तुमचा न् तिचा योग न्हाई. गपगुमान फलटणला आणून लावायची." तेव्हापासून घाट दिसला की मी गिअरआधी देवाचं नाव घेतो. म्हणून नवरात्रात चढाला गाडीची ओढ कमी वाटली, तसा मी तडक सांगलीला सरफराजभाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. सोबत तुमची लेक प्रियदर्शनी होतीच.

डिझेल फिल्टर म्हणजे चहाच्या गाळणीचा थोरला भाऊ, अशी माझी आजवर समजूत. तिथे भिंतभर फिल्टर मांडलेले! सरफराजभाईंनी गाडीचं साल, इंजिन, जुन्या फिल्टरचा नंबर असं सगळं विचारलं. (लग्न ठरवताना तुम्ही मला एवढं विचारलं नव्हतं.) मग त्यांनी आडवा कापलेला एक जुना फिल्टर दाखवला. आत काय असावं? घड्या घातलेला कागद! मामा, एवढं धूड ओढणारं इंजिन एका कागदाच्या भरवशावर चालतं. केसाहून बारीक कण तो अडवतो आणि स्वतः डिझेलमध्ये बुडूनही विरघळत नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. "दिसायला सारखा असला तरी डुप्लिकेट घेऊ नका, आणि घ्याल तर दोन घ्या, एक गाडीत ऱ्हाऊ द्या," असं ते म्हणाले म्हणे. मी ऐकण्याच्या अवस्थेत नव्हतो.

खंडेनवमीला जॅक, पाने, टॉमीचा दांडा यांच्या शेजारी नवा फिल्टरही पाटावर मांडला. आईने, म्हणजे तुमच्या विहीणबाईंनी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. इथवर घरोघरी होतं तेच झालं. पण फिल्टरच्या तोंडावर मधल्या मोठ्या भोकाभोवती गोलाकार बारीक भोकं असतात, ती बघून आईला पुढचं सुचलं. आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा तिने चिमटीचिमटीने त्या भोकांतून आत सोडला. भक्ती उदंड, त्यामुळे चिमट्याही उदंड. दुसऱ्या दिवशी फिल्टर बसवताना भोकांना पिवळं लागलेलं मला दिसलं. मी फुंकर मारून साफ केलं. (फुंकर आत जाते, हे मागाहून लक्षात आलं.)

मग बेदाण्याचे बॉक्स भरून मी आणि प्रियदर्शनी चिपळूणला निघालो. कऱ्हाड गेलं, पाटण गेलं. कोयनानगरच्या पुढे एका चढाला गाडीला धाप लागली, आणि मामा, तुमच्यापासून काय लपवायचं, गाडी घाटात बंद पडली. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून तुमचा चेहरा आठवत होतो, तेवढ्यात ही खाली उतरली, चाकामागे दगड लावले आणि म्हणाली, "पट्टा काढा."

मला वाटलं, आता मार बसतो. पण तिने माझा पट्टा फिल्टरला आवळून गुंडाळला आणि एका हिसक्यात फिल्टर सैल केला. मी एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने मागच्या एसटीला वाट देत होतो. फिल्टर पालथा केला तर पातळ पिठलं पडलं! तिने सीटखालून दुसरा नवा फिल्टर काढला (सरफराजभाईंचं तिने ऐकलं होतं), रबरी रिंगला बोटाने डिझेल लावलं, हाताने घट्ट केला, मग हातपंप मारून मारून लाइनीतली सगळी हवा बाहेर काढली. गाडी गुरगुरली आणि सुरू झाली. मी हात जोडले. पँट सुटली, ते असो.

तिथूनच आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "आरं, दुखणं आत असतंय, मग भंडारा भाईर लावून काय हुतंय?" मधल्या मोठ्या भोकात का नाही घातलास, विचारलं तर, "त्यातनं सांडंल वाटलं." मामा, मधलं भोक गाळून आलेल्या डिझेलचं; तिथून तो थेट पंपात गेला असता आणि इंजिन खोलावं लागलं असतं. बाहेरच्या भोकांतून गेला म्हणून कागदाने तो देवाचा भंडारासुद्धा अडवून धरला. आता देवाला मानू, कागदाला मानू की आईला, मला कळेना.

हे सगळं कुठं शिकलीस, असं हिला विचारलं. म्हणाली, "आमचे आबा मल्हारदादाला शिकवायचे. दादा झोपायचा, मी बघायची." तुमच्या चिरंजीवांना जागं करून हे वाचून दाखवावं.

सासूबाईंना नमस्कार, मल्हारदादांनाही.

तुमचा,
विश्वजीत

ता. क. शब्द म्हणजे शब्द. रविवारी गाडी घेऊन येतो. तेवढी ठेवून घेऊ नये, ही हात जोडून विनंती.

ता. क. दुसरा. पट्टा डिझेलने माखलेला आणि माझा एक हात पँटला गुंतलेला, म्हणून कुंभार्ली घाट हिनेच उतरवला. जड वाहनाचं लायसन्स तिने सांगलीत मागेच काढलंय. तिने सांगू दिलं नाही. योग नाही म्हणालात तो माझा आणि गाडीचा. हिच्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नव्हता.

ता. क. तिसरा. रविवारी गाडी प्रियदर्शनीच चालवत आणणार आहे. तुम्ही शेजारी बसून एक फेरी मारावी असं तिच्या फार मनात आहे. तोंडाने मागणार नाही, तुमचीच लेक. पण शेजारची सीट तिने कालपासून तीनदा पुसली. मी मागे हौद्यात बसेन.