नावेचं नाव

२ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. समन्वयकाची स्वतःची नोंद हवी. पनवेलच्या शिबिराहून परतलो. विषय: समलिंगी, पारलिंगी वगैरे सर्वांचे हक्क आणि समावेश. सर्टिफिकेट लॅमिनेशनला टाकलं.
आपल्या बंदरात हे काम नर्स हेमांगी कधीपासून करते. म्हणजे काय, तर दर बुधवारी तिच्या मागच्या पडवीत चारपाच पोरंपोरी चहा पितात, बोलतात, घरी जातात. बॅनर नाही, मिनिट्स नाहीत, मंचाला नावसुद्धा नाही. मी दिलं: 'सागर समावेश मंच'. हेमांगी म्हणाली, सर, नाव न्हाय म्हणून तर टिकलंय. बाई चांगली आहे. व्हिजन कमी.

५ नोव्हेंबर, बुधवार
माझं पहिलं भाषण. लोकांचा चहा गार झाला.
निकेश म्हणून मुलगा येतो, आईच्या होडीवर असतो. उरणच्या एका मुलाशी त्याचं जमलंय. आई तुळशीताईंना ठाऊक आहे, गावाला नाही. गावाला कळलं तर काय होईल, असं मी विचारलं. निकेश म्हणाला, सर, बर्फ मिळायचा न्हाय. संदर्भ लागला नाही.
गोपनीयता! शिबिरात यावर अख्खं सेशन होतं. निकेशचं नाव कुठेही घ्यायचं नाही. त्याच्या होडीच्या नावावरून सांकेतिक नाव दिलं: 'सोनपरी'. स्वतःवर खूश.

११ नोव्हेंबर
आयडिया! विषय थेट गावकीपुढे न्यायचा. गावकी म्हणजे इथल्या घरांची पंचायत. अमावास्येला होड्या सुटत नाहीत, तेव्हा देवळापुढे बसते. हेमांगीला सांगितलं तर भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, सर, गावकीपुढं गेलेली गोष्ट तशीच परत येत न्हाय, निकाल लागतोच. मी म्हटलं, तेच तर हवंय. ती पुन्हा भांडी घासू लागली. पटलं असावं.

१४ नोव्हेंबर
गावकीचे अध्यक्ष शिवदास पाटील यांच्याकडे. जाळं दुरुस्त करत होते. फार आदराने ऐकलं. मध्येच सुई थांबवून म्हणाले, आपल्या गावात असलं हाय तरी कोण? मी फक्त हसलो. प्रशिक्षित माणूस असा सापडत नाही. म्हणाले, बरोबर हाय, सर, नाव घेऊच नका. नुसतं बोला. घरात चहा टाकायला सांगितलं. वातावरण अनुकूल.

२० नोव्हेंबर, अमावास्या
गावकी यशस्वी!
सुरुवातीला थोडा अडथळा. एक म्हातारा म्हणाला, घर कुठलं ते सांगा, घराशिवाय आमी निवाडा कुणाचा करू? दुसरा म्हणाला, असलं टीव्हीत असतंय, आपल्यात न्हाय. मोठा हशा. मला राहवलं नाही. आकडेवारीपेक्षा उदाहरण प्रभावी, असं शिबिरात शिकवलंय. म्हटलं, आपल्यातच आहे. कष्टाळू आहे, आईला सांभाळतो. नाव सांगणार नाही, आपण त्याला 'सोनपरी' म्हणू.
हशा एकदम थांबला. कुणीतरी विडी विझवली. ओट्यावर बायकांमध्ये तुळशीताई होत्या. पदर सावरून उठल्या आणि गेल्या. भारावल्या असाव्यात. शिवदास पाटील हळूच म्हणाले, सर, बसा आता. तुमचं काम झालं.
तुमचं काम झालं! अधोरेखित करतो.

२४ नोव्हेंबर
गाव विचारात पडलंय. तुळशीताई बाजारात कोलंबी घेऊन बसल्या होत्या. कुणी त्रास दिला नाही, भावसुद्धा विचारला नाही. खासगीपणाचा एवढा आदर शहरात दिसत नाही. संध्याकाळी टोपली तशीच भरलेली. मी घेतली असती, पण मार्गशीर्ष.

२६ नोव्हेंबर, बुधवार
पडवीला कुलूप. हेमांगीला फोन केला. म्हणाली, आता कुणी यायचं न्हाय. म्हटलं, मग ऑनलाइन घेऊ. फोन कट. रेंजचा प्रॉब्लेम.

२९ नोव्हेंबर
बंदरावर गेलो. 'सोनपरी' लागली. किनाऱ्यावर माणसं भरपूर, दोर धरायला एकही नाही. मायलेक दोघंच ओढत होते. खलाशी सुट्टीवर असतील. बर्फवाला शेजारच्या होडीत बर्फ ओतून टेम्पो घेऊन गेला. निकेश त्या बुधवारी म्हणाला होता... ते असो. हा सप्लायचा प्रश्न, आपल्या कक्षेबाहेरचा. मी दोर धरला असता, पण कंबर. निकेशला हात केला. त्याने बघितलं, नुसतं.

३ डिसेंबर
हेमांगी आली. आत ये म्हटलं, तर उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तुळशीताईंचं घर वाळीत टाकलंय म्हणाली. त्या नळावर आल्या की बाकीच्या बायका अर्धे हंडे उचलून चालू लागतात. मी म्हटलं, बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, तक्रार करू. ती म्हणाली, करा. साक्षीला कोण? मी म्हटलं, मी. तत्त्वतः.
पण मी नाव घेतलंच नव्हतं, हे तिला स्पष्ट सांगितलं. त्यावर म्हणाली, सर, इथं माणसाला नावानं कोण वळखतं? लग्नाला, मयताला सोनपरीवाला निकेश, सोनपरीवाली तुळशी. नुसतं निकेश म्हटलं असतंत तरी चाललं असतं, गावात चार हायत. सोनपरी एकच हाय.
उद्या पाटलांना भेटून गैरसमज दूर करतो.

४ डिसेंबर
घसा बसलाय. उद्या.

७ डिसेंबर
गेलो. पाटील जाळ्यातून मान वर करेनात. तुळशीताईंच्या दाराला कुलूप. नळावरच्या बाईला विचारलं, तर तिने हंडा उचलला आणि गेली. घाईत असेल. दुकानात पाव मागितले, दुकानदार संपले म्हणाला. काचेत दिसत होते.
हेमांगीला विचारलं, मायलेक गेले कुठे? म्हणाली, तुमाला सोडून कुणालाबी सांगीन.
'सोनपरी' वाळूवर आडवी पडली आहे. पुढच्या टोकावरची नावाची अक्षरं खरवडून काढलीत. त्यांनी की गावाने, हे सांगायला माझ्याशी कुणी बोलत नाही.
नावेवर आता नाव नाही. गोपनीयता पूर्ण.